कॉर्ड काढायची सवय

ऑपरेटरबाईंनी सगळं नीट वाचून केलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ज्याने त्याने त्यांना एकच प्रश्न विचारला, "तुम्ही नक्की काय दाबलंत?" जणू बाईंनी डोळे मिटून कीबोर्डावर कपडे आपटले होते.

बाई ऑपरेटर म्हणजे टेलिफोन ऑपरेटर. एक्स्चेंज बंद पडून जमाना लोटला, पण गल्लीतल्या लोकांनी नाव सोडलं नाही. ऐन उमेदीची वर्षं त्या बोर्डासमोर कानाला हेडफोन लावून बसल्या. दिवा लागला की कुणीतरी बोलायला आलंय. दिव्याखालच्या भोकात कॉर्डची वायर घालायची, जोडून द्यायची, बोलणं संपलं की कॉर्ड काढायची. ती काढायची राहिली की लाइन अडते, आणि मग मागून सुपरवायझरीण येऊन सगळ्यांदेखत पाणउतारा करायची. ती धास्ती बाईंच्या हाडीमाशी मुरली. इस्त्री झाली की प्लग बाहेर. फोन चार्ज झाला की वायर गुंडाळून खणात. मिक्सर थांबायच्या आत त्यांचा हात भिंतीपाशी पोचलेला असायचा. नवरा म्हणायचा, "जपून हं, एखाद्या दिवशी झोपेत माझीही कॉर्ड काढशील." दोघं हसायचे. तो गेल्यापासून हे वाक्य आठवलं की बाई उठून काहीतरी आवरायला घेत.

कॉम्प्युटर मुलाच्या खोलीत होता. मुलगा एकुलता एक, तरी बाप त्याला 'धाकटे सरकार' म्हणायचा, कारण स्वतःला तो थोरले सरकार समजायचा. मुलगा नोकरीसाठी लांब गेल्यावर हे दोन सरकार रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर लिहून लिहून गप्पा मारत. काय एवढं लिहीत कोण जाणे. बाई चहा घेऊन गेल्या की नवरा पडद्यावरची गप्पांची खिडकी लहान करायचा आणि लहान मुलासारखा हसायचा. बाईंना त्यात सामील व्हायला कुणी मना केलं नव्हतं. पण आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून द्यायची आणि ऐकायची नाहीत, ही शिस्त. त्या चहा ठेवून परत यायच्या.

मग थोरले सरकार गेले. अचानक गेले. मुलगा पोचला तो दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. वाटेत पुलावर पाणी आलं होतं, रस्ता बंद होता, त्याने सांगितलंही. पण बाईंनी ते कानावर घेतलंच नाही. घरभर माणसं बसलेली असताना त्या म्हणाल्या, "पाहुणे आलेत. पाणी द्या कुणीतरी." कुणीतरी खरोखरच पाणी दिलं. मुलाने उभ्याउभ्या ते प्यायलं, पेला टेबलावर ठेवला आणि आल्या पावली निघून गेला. नंतर त्याचा नंबर लागेनासा झाला. बाईंनीही शोध घेतला नाही. दोघंही एकाच मुशीतले, आधी कोण वाकणार?

आणि मग एका संध्याकाळी धूळ पुसताना बाईंनी ते मशीन सुरू केलं, तर नवऱ्याची ती खिडकी आपोआप उघडली. त्याच्या नावाने, जशी तो ठेवून गेला होता तशी. यादीत एकच नाव होतं, 'धाकटे सरकार', आणि नावासमोर हिरवा ठिपका. बाईंना ठिपका काय ते कुणी समजावून सांगायला नको होतं. दिवा लागलाय म्हणजे पलीकडे माणूस आहे.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या तिथे खुर्ची ओढून बसू लागल्या. लिहिलं मात्र कधीच नाही. मेलेल्या बापाच्या नावाने पोराला काय लिहिणार, त्याला धडकीच भरायची. आणि लिहायचंच म्हटलं तरी सुरुवात कुठून करायची? नुसतं बसायचं. भाजी निवडायची, शिवण घ्यायचं, मध्येच मान वर करून बघायचं. आहे, दिवा आहे. जेवला असेल का, बारीक झाला असेल का, त्याच्या खोलीत उजेड पुरेसा असेल का. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरला सगळ्यांचे दिवे दिसायचे, ऑपरेटर कुणाला दिसायची नाही. इथेही तसंच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. तासाभराने मशीन बंद करून त्या भिंतीतला प्लग काढत. दिवसभरात घरात तेवढाच एक तास कुणीतरी सोबत असायचं. बाकीच्या वेळात बाई स्वतःशीच बोलत आणि स्वतःलाच उत्तर देत, आणि त्यातही कधी कधी भांडण व्हायचं.

घोळ सुरू झाला तो एका पिवळ्या चौकटीने. तुमची सिस्टीम फार जुनी झाली आहे, पुढच्या महिन्यापासून गप्पांचा हा प्रोग्रॅम यावर चालणार नाही. बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दुसरीकडे तो उघडायचा तर पासवर्ड लागणार, आणि पासवर्ड नवऱ्याला ठाऊक होता; जाताना तो बरोबर घेऊन गेला होता.

वाचनालयातले ग्रंथपाल कॉम्प्युटरचे जाणकार होते. हा माणूस आयुष्यभर वाचनालयात कुजबुजत राहिल्याने भर बाजारातही कुजबुजतच बोलायचा. कांदे कसे दिले हेसुद्धा तो गुपित सांगितल्यासारखं विचारायचा. त्याने बाईंना एक पेनड्राइव्ह दिला. "यात फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम आहे," तो कानाशी येऊन म्हणाला. "जुनीच्या शेजारी बसेल. जुनी तशीच राहील. आधी ही टाका, मग तुमचा प्रोग्रॅम तिकडे कसा न्यायचा ते बघू. पुढे काय काय विचारेल ते या कागदावर लिहिलंय."

बाईंनी कागद भिंतीला चिकटवला, चष्मा पुसला आणि एकेक ओळ करत गेल्या. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, जुनीच्या शेजारी की जुनी काढून. शेजारी, अर्थातच शेजारी. मग एका ठिकाणी मशीनने असं काही विचारलं, जे कागदावर नव्हतं: सुरुवात करून देणारा भाग कुठे ठेवायचा? खाली दोन नावं होती. एक मोठी डिस्क, एक लहान. मोठ्या डिस्कवर सगळं घर होतं, नवऱ्याची खिडकी होती, दिवा होता. तिथे कशाला हात लावा? भरल्या कपाटावर आणखी बोजा नको म्हणून बाईंनी लहान नाव निवडलं. काम झालं. पडद्यावर आलं की आता बाहेरची वस्तू काढून घ्या. हे सांगायची गरजच नव्हती, बाईंनी ती आधीच काढली होती. पुसली, जुन्या रुमालाच्या तुकड्यात गुंडाळली, वर रबरबँड लावला, आणि त्याच दिवशी वाचनालयात परत करून आल्या. ग्रंथपाल जागेवर नव्हते, म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्याची वस्तू, काम झाल्यावर घरात कशाला?

संध्याकाळी खुर्ची ओढली, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

बाईंनी बंद करून परत लावलं. तीच ओळ. सगळ्या वायरी काढून, पुसून, परत घातल्या. तीच ओळ. माणसाला जसं थोडं पडू द्यावं तसं मशीनला अर्धा तास पडू दिलं. उठल्यावरही ते तेच म्हणालं. बाईंनी त्या दिवशी शिवणही घेतलं नाही. समोर काळा पडदा आणि त्यात त्यांचं स्वतःचंच तोंड दिसत होतं, म्हातारं आणि भांबावलेलं. घर खायला उठतं म्हणतात ते काय, हे त्या दिवशी त्यांना कळलं. नवरा गेला तेव्हा निदान माणसं होती.

सकाळी भाजीच्या ढकलगाडीत मशीन घालून त्या दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. दुकानदार तरुण, हात चपळ, तोंड त्याहून चपळ.

"नक्की काय दाबलंत?"

"जे विचारलं ते," बाई म्हणाल्या.

"बाहेरचं काही लावलं होतं? असेल तर काढा. अशा वेळी पहिला नियम, बाहेरचं सगळं काढायचं." त्याने माऊससुद्धा काढला. मग एका निळ्या पडद्यात शिरून त्याने बोट ठेवलं. "ही बघा, डिस्क दिसतेय. पण बोलत नाहीये."

बाईंना हे लगेच समजलं. लाइन आहे, पण उचलत कुणी नाही. "मग जिवंत आहे ना?"

"जिवंत असेल हो. पण खोदत कोण बसणार? साफ पुसतो आणि नवीन टाकून देतो. संध्याकाळी घेऊन जा. आत काही महत्त्वाचं आहे? फोटोबिटो?"

एक हिरवा ठिपका आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"गप्पांचा एक प्रोग्रॅम आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"तो काय, परत टाकता येतो. पासवर्ड द्या फक्त."

"पासवर्ड ह्यांना माहीत होता."

"मग विचारून घ्या ना."

"ते नाहीत."

"कधीपर्यंत येतील?" दुकानदार पेचकस शोधत म्हणाला. मग वर बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि बिचारा इतका ओशाळला की उगाच माऊसची वायर गुंडाळू लागला. "सॉरी, मावशी. पण दुसरा उपाय नाही. असंच ठेवलंत तर हा नुसता डबा आहे."

"डबा तर डबा," म्हणून बाईंनी मशीन पुन्हा ढकलगाडीत घातलं. वाटेत फुटपाथच्या प्रत्येक खड्ड्याला त्या "हळू, हळू" म्हणत होत्या, आणि लोक मागे वळून गाडीत कुणाचं बाळ आहे ते बघत होते.

तिथून थेट वाचनालयात जायचं, तर दारावर पाटी: दुरुस्तीसाठी बंद, शुक्रवारी उघडेल. ग्रंथपालांचा नंबर बाईंकडे नव्हता. लोकांना नंबर जोडून देण्यात हयात गेली आणि स्वतःच्या फोनमध्ये चार नंबर, त्यातला एक गॅसवाल्याचा. मधल्या संध्याकाळी त्यांनी कशा काढल्या ते विचारू नये. सवयीने खुर्ची ओढायच्या, बसायच्या आणि लाज वाटल्यासारख्या उठायच्या. मनात एकच घोळत राहायचं: तिकडे तो असेल आणि आपल्याला दिसत नाहीये. आजारी पडला तर कळणार नाही. खरं तर हिरव्या ठिपक्यावरून आजार कुठे कळतो? पण मनाला कोण समजावणार.

शुक्रवारी वाचनालय उघडायच्या आधीच बाई पायरीवर उभ्या होत्या. ग्रंथपालांनी आत बसवलं, सगळं ऐकलं आणि कुजबुजत विचारलं, "सुरुवातीचा भाग कुठे ठेवायचा, असं त्याने विचारलं असेल. तुम्ही काय निवडलंत?"

"लहान नाव. मोठ्याला धक्का नको म्हणून."

"आणि पेनड्राइव्ह?"

"तो तुमच्या टेबलावर आणून ठेवला की. त्याच दिवशी. पुसून."

ग्रंथपाल उठले ते जवळजवळ पळतच आपल्या खोलीत गेले. बाई मागोमाग. टेबलावर पेनड्राइव्हची रांग लावलेली होती आणि कॉम्प्युटरवर हिरवी पट्टी सरकत होती. "महिन्यातून एकदा मी हे सगळे पुसतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कुजबुजीच्या वर चढला. "रुमालातला... रबरबँडवाला... तुमचाच ना तो?"

रबरबँडवाला रांगेत होता. अजून पाळी आली नव्हती. बाईंनी झडप घालून तो उचलला आणि खुर्चीत बसल्या.

"असं झालंय बघा," ग्रंथपाल परत कुजबुजीवर आले. "नवीन भाडेकरू आला तेव्हा घराचं कुलूप बदललं. जुना माणूस आत सुखरूप आहे, नवाही आहे. पण ते लहान नाव या पेनड्राइव्हचं होतं. किल्ली तुम्ही घरात न ठेवता या पिशवीत ठेवलीत, आणि पिशवी मला आणून दिलीत."

"म्हणजे हा लावला की..."

"दोन नावं येतील. पाहिजे ते निवडा. रविवारी मी येऊन किल्ली घरात ठेवून देतो. तोवर एकच करायचं, हा काढायचा नाही. मशीन बंद असलं तरी नाही."

"लावूनच ठेवायचा?" बाईंना ते फार चमत्कारिक वाटलं.

"लावूनच ठेवायचा."

घरी येऊन बाईंनी पेनड्राइव्ह घातला. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, नवी आणि जुनी. बाण खाली करून त्यांनी जुनी निवडली. मशीन कण्हलं, कुथलं आणि नेहमीच्या आळशीपणाने एकेक चित्र मांडू लागलं. नवऱ्याची खिडकी उघडली. 'धाकटे सरकार.' ठिपका राखाडी होता.

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग त्यांना दिसलं की नावाच्या उजवीकडे एक आकडा आहे. असा आकडा तिथे कधी आला नव्हता. त्यांनी नावावर दाबलं.

"आई, परवा दिवा लागला नाही."

"काल पण नाही. तू रोज संध्याकाळी लावतेस. मी पण तेव्हाच लावून बसतो."

"बाबांचं नाव पहिल्यांदा हिरवं झालं तेव्हा मी घाबरलोच होतो. मग कळलं तू आहेस. तू काही लिहीत नव्हतीस म्हणून मी पण लिहिलं नाही. बसलीयेस एवढं कळत होतं, ते पुरायचं."

"आई, काहीतरी बोल ना. बरी आहेस ना?"

"तुझा आताचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून घरच्या जुन्या नंबरवर फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणाली बाई. आवाज तुझ्यासारखा वाटला म्हणून परत लावला. तीन वेळा लावला."

आणि सगळ्यात शेवटी, आज सकाळचं:

"मी निघतोय. उद्या दुपारपर्यंत पोचतो. पाहुणा समज हवं तर. पण दार उघड."

बाई रडल्या. नवरा गेल्यापासून रडल्या नव्हत्या, त्या सगळ्याचं एकदम रडल्या, मोठ्याने, नाक पुसायला पदरही न शोधता. इतक्या संध्याकाळी आपण एकटीच बसतो असं वाटत होतं आणि पलीकडे तो बसलेला होता. दिवा दोन्हीकडे लागत होता. एवढी बोर्डावरची बाई, आणि तिला हे सुचू नये?

मग त्यांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने अक्षरं शोधायला सुरुवात केली. आधी लिहिलं, "मी आई," कारण नाव नवऱ्याचं होतं आणि गैरसमज नको. पुढे कॉम्प्युटर बिघडल्याची सगळी हकिकत लिहिली, लहान नाव, रुमाल, रबरबँड, आणि ती सगळी पुसून टाकली. "बरी आहे. मी तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं. ये." एवढंच ठेवून पाठवून दिलं. ठिपका राखाडीच होता. तो वाटेत असणार. वाचेल कधीतरी, एखाद्या थांब्यावर.

अंधारून आलं तशा त्या सवयीने उठल्या. मशीन बंद करायला वाकल्या, आणि हात आपसूक पेनड्राइव्हकडे गेला. बोटं त्याला लागली, चिमटीत धरलाही, आणि मग सोडला. मशीनही चालूच ठेवलं. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी दाराची कडी काढून ठेवली. उद्या दुपारी येणाऱ्यासाठी आजपासून दार उघडं ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि कडी परत लावली. पेनड्राइव्ह मात्र लावलेलाच राहिला.